भिंतीकडे तोंड

आमच्या घरात काही हरवलं की आई एका संताला शिक्षा करायची. हरवलेल्या वस्तू शोधून देणारे संत आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरोघरी ओळखीचे. आमच्या आल्तारावर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यावर, त्यांची वीतभर उंचीची मूर्ती होती, नाकाचा टवका उडालेली. कात्री सापडेना की आई त्यांना उचलायची आणि भिंतीकडे तोंड करून ठेवायची. "सापडली की वळवीन," एवढंच बोलायची. कात्री दहा मिनिटांत सापडे. कपाटाच्या किल्लीला एक दुपार लागली. कोंबडीला दोन दिवस लागले, पण त्यात संतांचा दोष नाय, कोंबडीच तसली होती, असं आईचं मत पडलं.

पपांना हे अजिबात पटत नसे. पपा शाळेत गणित शिकवायचे आणि घरी संत. रोज संध्याकाळी सातला रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, झाली की संतचरित्रांच्या जाड पुस्तकातलं एक पान ते मोठ्याने वाचत, चष्मा काढत आणि विचारत, "आज आपण काय घेतलं?" मग आई, दादा आणि मी, तिघांनी काहीतरी घेतल्याचं सांगावं लागे. आईचं उत्तर ठरलेलं होतं: सहनशीलता. दादा म्हणायचा, "वेळच्या वेळी जेवावं, हे घेतलं," कारण पानावरचा संत बहुधा उपाशी असायचा.

"संतांकडे मागायचं नसतं, त्यांच्यासारखं वागायचं असतं. आणि शिक्षा तर नाहीच नाही," पपा आईला ऐकवायचे. हे सांगणारा माणूस वर्गात गृहपाठ न केलेल्या पोरांना तासभर भिंतीकडे तोंड करून उभं करायचा. आईने ही शिक्षा तिथूनच उचलली असणार. आमच्या घरात कुणी कुणाकडून खरोखर काही घेतलं असेल, तर ते एवढंच.

दादा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. नारळीपौर्णिमा झाली आणि एका संध्याकाळी रोझरीनंतर त्याने सांगून टाकलं की तो कॉलेज सोडतोय. दाभोळला एका ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचं काम त्याने बघितलं होतं. पपांनी पुस्तक मिटलं. गणिताच्या मास्तराचा मुलगा बोटीवर!

"पपा, येशूचे पहिले शिष्य मासेच धरायचे," दादा म्हणाला.

"त्यांनी जाळी टाकून दिली होती. तू धरायला निघालास."

हे उत्तर चांगलं होतं. तिथेच थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण पपांना चांगल्या उत्तरावर थांबता येत नाही, हा गुण माझ्यातही उतरलाय. दादा बॅग घेऊन दारात उभा राहिला तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा या घरात तोंड दाखवू नकोस." दादाने आयुष्यात पहिल्यांदा पपांचं ऐकलं. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी आईने संतांना भिंतीकडे वळवलं.

"तो दाभोळला आहे," पपा म्हणाले. "पत्ता आपल्याला माहीत आहे. संतांना कशाला त्रास?"

"पत्ता माहीत हाय तर आणा."

पपा पेपर वाचू लागले.

दादा दर रविवारी मला फोन करायचा. माशांबद्दल बोलायचा, इंजिनाबद्दल बोलायचा आणि शेवटी विचारायचा, "ते काय म्हणाले का?" ते काही म्हणालेले नसत. मी फोन आईपुढे धरला की ती मान हलवायची. "आवाज नको मला. माणूस हवा." मला तिघांचाही राग यायचा. कुणावर काढावा हे ठरत नसल्यामुळे मी तो भांड्यांवर काढायचे.

दिवाळी गेली तरी दादा आला नाही. तेव्हा आईने आल्तारावरच्या बाकीच्या संतांनाही हिशेबात घेतलं. आधी सुतार संत वळले. मग अशक्य गोष्टी शक्य करणारे. मग पायाशी कुत्रा असलेले, तेही कुत्र्यासकट. शेवटी खांद्यावर मूल घेऊन नदी ओलांडणारे. येशूच्या तसबिरीला आणि देवमातेला तिने हात लावला नाही. "ती आई हाय. तिला वेगळं काय सांगायला नको," म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत आत गेली. नाताळातही आम्ही पाच पाठींसमोर रोझरी म्हटली.

ईस्टरनंतर फादर घराला आशीर्वाद द्यायला आले. आल्तारापुढे जरा वेळ थांबले, पपांकडे पाहिलं, आणि पवित्र पाणी संतांच्या पाठींवर शिंपडून पुढच्या घरी गेले. पपांचे कान लाल झाले होते. तरी आई मूर्तींना हात लावायला तयार नव्हती.

शेजारच्या खाला नारळ खवायची विळी न्यायला आल्या, त्यांनीही हे बघितलं. त्यांचे दोन मुलगे आखातात होते, त्यामुळे त्यांना सगळं एका दमात कळलं. "सगले गुन्हेगार हायत काय गो?" त्या आईला म्हणाल्या. "ज्यान हरवलान, त्याला उभा कर ना."

आईने विळी धुऊन दिली.

त्याच आठवड्यात पपांच्या पुस्तकात नदी ओलांडणाऱ्या संतांचं पान आलं. पपांनी ते नेहमीसारखं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "आज आपण काय घेतलं?" आम्ही आईच्या सहनशीलतेची वाट बघत होतो.

"ते नदी ओलांडून गेले," आई म्हणाली.

पपांनी बराच वेळ चष्मा पुसला.

सकाळी आल्तारासमोरच्या भिंतीवरचा आईपपांच्या लग्नाचा फोटो उलटा टांगलेला होता. मागचा तपकिरी पुठ्ठा, त्यावर कोळिष्टकं. पपा चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले आणि समोर पाहिलं. आई मांदेली साफ करत होती. "हरवलंय ते सापडलं की वळवीन," तिने न विचारताच सांगितलं. पपांनी पुठ्ठ्याकडे बघत चहा संपवला. असा त्यांनी तीन दिवस चहा घेतला.

चौथ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून त्यांनी छत्री घेतली. "शाळेत जाऊन येतो," म्हणाले. मे महिन्याची सुट्टी चालू होती. आम्ही दोघींनी मान डोलावली.

पपा पाण्याला घाबरतात हे इथे सांगायला हवं. भाट्याच्या खाडीवरच्या पुलावरून एसटी जाताना ते डोळे मिटून घेत, आणि विचारलं तर प्रार्थना करतोय म्हणत. दाभोळला जायचं म्हणजे गुहागर गाठायचं, तिथून धोपावं आणि तिथून फेरीबोटीने खाडी पार करायची. बोटीवर डोळे मिटून भागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे आले. पुढे पपा, चेहरा पिवळा पडलेला. मागे दादा, काळा झालेला, हातात पिशवीभर सुरमई. "काय म्हणाले ते तुला?" मी त्याच्या कानाशी लागले.

"म्हणाले, आईने घरात सगळ्यांना उभं केलंय. चल."

दादा आईकडे वळला तर तिने हात वर केला. "थांब. आधी यांना सोडू दे." एकेक मूर्ती तिने पदराने पुसली आणि वळवली, कुत्रासुद्धा पुसला. मग फोटो सरळ केला. आणि मग दादाच्या पाठीत एक धपाटा घालून त्याच्या गळ्यात पडली आणि मोठमोठ्याने रडली. मीही रडले. पपा पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ तिथेच होते.

संध्याकाळी पान वाचून त्यांनी विचारलं, "आज आपण काय घेतलं?"

"सुरमई," दादा म्हणाला. पपा हसले. रविवारी तो बोटीवर परत गेला, तेव्हा पपाच त्याला स्टँडवर सोडायला गेले.

हे होऊन बरीच वर्षं झाली. पपा आता निवृत्त आहेत. परवा पावसाआधी भिंतीला रंग द्यायचा म्हणून मी तो फोटो उतरवला, पुठ्ठा वर आला, आणि मी त्यांना चिडवलं, "तुम्हाला बरं उभं केलं होतं आईने."

"मला एकट्याला नाही," पपा म्हणाले. फोटो त्यांनी हातात घेतला. "निघालो तेव्हा मी रागातच होतो. ही बाई मला पोरासारखी शिक्षा करते म्हणून. बोटीवर कठडा धरून उभा होतो, तेव्हा लक्षात आलं की फोटो लग्नाचा आहे. तिची काही चूक नव्हती, तरी तीही माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभी होती."

त्यांनी बाहीने काच पुसली.

"तीस वर्षं मी पोरांना उभं केलं. एकाच्याही शेजारी जाऊन उभा राहिलो नाही."