बाबा दुकानात

गल्लीत त्याला सगळे किल्लीवाला म्हणत आणि त्याचा त्याला राग येई. त्याच्या मते तो कुलूपतज्ज्ञ होता. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, मालक आत शिरला की गिऱ्हाइकाने बाहेरच राहावं एवढी. पण पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘कोणतेही कुलूप पाच मिनिटांत’. त्यात खोटं काही नव्हतं. हात लागल्यावर पाच मिनिटंही लागत नसत. हात लागायला तीन आठवडे लागत, एवढंच.

कुणालाही ‘हो’ म्हणायचा त्याला भारी सोस. ‘संध्याकाळी घेऊन जा’ हे वाक्य त्याच्या तोंडून आपोआप निघे आणि संध्याकाळी दुकानाला कुलूप असे. मग लोक घरी येत, बेलवर बोट दाबून धरत. या लोकांचं काय करायचं हे एकच कुलूप त्याला आयुष्यात उघडता आलं नव्हतं, आणि शेवटी ते त्याने पोटच्या पोरांवर सोपवलं.

पोरं दोन. थोरली पावणेतीन वर्षांची, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. धाकटा दीड वर्षाचा, त्याच्या गाठीला सगळे मिळून चार शब्द: ‘दे’, ‘नाई’, ‘मम’ आणि ‘टक्’. पहिले तीन आईने शिकवलेले. चौथा बाबाचा.

बायकोची शिकवण्याची रीत त्याला बघवत नसे. ती थोरलीला उलटा-सुलटा बूट ओळखायला शिकवी, धाकट्याच्या हातात पेला देऊन त्याने तो अंगावर सांडेपर्यंत शांतपणे बघत बसे, मग फडकं त्याच्याच हातात देई. ‘पुसलं? छान. आता पेला कुठे ठेवायचा?’ असं तासन्‌तास. गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली की हात भरलेले असत, म्हणून ती दाराला पायाने ठोके. दोनदा, जरा थांबून एकदा. ते ऐकलं की पोरं धावत येऊन दार उघडत. त्यासाठीच त्याने दाराला आतून, खाली, पोरांच्या उंचीवर एक कडी बसवून दिली होती.

‘हे काय शिकवणं?’ तो म्हणे. ‘पाणी प्यायला काय, कोणीही शिकतं. पोरांच्या हातात कला पाहिजे.’

म्हणून त्याने एक फळी तयार केली. त्यावर कडी, कोयंडा, साखळी, खटका, एक छोटं कुलूप. पहिला धडा बंद करण्याचा. उघडण्याचा नंतर, कारण त्याच्या मते उघडणं ही वरच्या वर्गाची विद्या. धाकटा फळीसमोर बसला, जीभ बाहेर काढून कडी सरकवू लागला, आणि एके दिवशी ती ‘टक्’ करून बसली. बाबाने टाळ्या वाजवल्या. ‘शाब्बास रे पठ्ठ्या!’ त्या दिवसापासून धाकटा कडी लावी आणि तोंड वर करून शाब्बासकीची वाट बघे. मिळाली नाही तर स्वतःच टाळ्या वाजवी. किल्लीवाल्याने ही गोष्ट गल्लीत अशी सांगितली, जणू पोराने बँकेची तिजोरी उघडली.

मग खऱ्या कडीवर सराव हवा, म्हणून त्याने बाथरूमच्या दाराला बाहेरून, जमिनीपासून दोन फुटांवर, तेल घातलेली नवी कोरी कडी ठोकली.

‘अहो, तिथे नको,’ बायको म्हणाली. ‘कुणीतरी आत अडकेल.’

‘अडकेल? कुलूपवाल्याच्या घरात?’ तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

थोरलीला मात्र वरच्या वर्गात घेतलं होतं. तिचे धडे दारापाशी. बेल वाजली की आधी खालची कडी बघायची, नसेल तर लावायची. मग विचारायचं, ‘कोण?’ पलीकडून काहीही उत्तर आलं तरी आपण म्हणायचं, ‘बाबा दुकानात.’ आत कोण आहे असं विचारलं तर, ‘कोणी नाही.’ ओरडलं, गोड बोललं, खाऊ देतो म्हटलं, अगदी ‘मी बाबा आहे’ म्हटलं तरी उघडायचं नाही. चोर असंच म्हणतात.

पहिल्यांदा हे सगळं बिनचूक जमलं तेव्हा ती बाबाच्या मांडीवर बसलेली होती. तिथूनच ती ओरडली, ‘बाबा दुकानात!’ आणि त्याने तिचा गालगुच्चा घेतला.

‘खोटं बोलायला शिकवताय पोरीला,’ बायको म्हणाली.

‘याला सुरक्षितता म्हणतात.’

पुढे त्याचं छान चाललं. दुपारी जेवून तो आतल्या खोलीत दार लावून आडवा होई आणि बाहेर पावणेतीन वर्षांची पहारेकरीण गिऱ्हाइकं परतवी. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी कपाटाची किल्ली करायला टाकून बावीस दिवस झाले होते. त्या रोज येत, रोज तेच उत्तर ऐकत. एकदा त्या जिन्यातूनच म्हणाल्या, ‘इतका वेळ दुकानात असतो, तर मग दुकानात का सापडत नाही गं तुझा बाबा?’ थोरली म्हणाली, ‘कोणी नाही.’

एका रविवारी बायको दाढ काढायला गेली. जाताना तिने दहा सूचना दिल्या. त्यातल्या नऊ त्याने ऐकल्या नाहीत आणि दहावी, दूध तापवायची, अर्धीच ऐकली. दूध मंद गॅसवर ठेवलं, पोरं फळीशी खेळत होती, तेवढ्यात दोन तांबे अंगावर घेऊन यावं म्हणून तो बाथरूममध्ये शिरला. सगळ्या अंगाला साबण लावून झाला आणि दाराबाहेर आवाज आला, ‘टक्.’

मग टाळ्या.

आधी त्याला कौतुकच वाटलं. ‘शाब्बास!’ तो म्हणाला. ‘आता उघड बरं, राजा.’

‘नाई,’ धाकटा म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता. उघडण्याचा धडा अजून व्हायचा होता.

‘ताईला बोलाव. ए थोरले! कडी काढ.’

इवल्या पावलांचा आवाज दारापाशी आला. थांबला. मग गंभीर आवाजात प्रश्न आला, ‘कोण?’

‘मी! बाबा!’

‘बाबा दुकानात.’

त्याने दारावर थाप मारली. ‘अगं, मी बाबा आहे! उघड लवकर! दूध आहे गॅसवर!’

तो ओरडला तशी पावलं मागे सरकली. ओरडणाऱ्याला उघडायचं नाही, हे तिला पाठ होतं. मग त्याने गोड बोलून पाहिलं. माझी सोनुली, माझी छकुली. गोड बोलणाऱ्यालाही उघडायचं नव्हतं. बिस्किट देतो म्हणाला, आणि पलीकडून निश्वास ऐकू आला, कारण बिस्किट तिला खरंच हवं होतं. पण पोर मोहाला बळी पडली नाही. असा विद्यार्थी शंभरात एक मिळतो.

हत्यारांची पिशवी बाहेर. फोन बाहेर. दाराच्या बिजागऱ्या त्यानेच नव्याने, चांगल्या जाड स्क्रूंनी बसवलेल्या. खांदा मारून पाहिला तर खांदाच दुखला. कडी उत्तम होती. स्वतःच्या हातचं काम बघून आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दारापलीकडे काहीतरी धाडकन पडलं. मग शांतता. पोरं ओरडत असली की बाप वैतागतो, पण गप्प झाली की त्याचं काळीज हलतं, हे त्याला त्या क्षणी कळलं. आणि फटीतून वास येऊ लागला. दूध करपत होतं. गॅस चालू होता, ओटा होता, ओट्याखाली स्टूल होतं, आणि त्या स्टुलावर चढायला बायकोने थोरलीला याच आठवड्यात शिकवलं होतं.

बाथरूमची खिडकी जिन्याकडे उघडत होती. तो बादलीवर उभा राहिला आणि गजांना तोंड लावून त्याने जन्मात कधी मारली नव्हती अशी हाक मारली.

जिन्यात सगळ्यात आधी आल्या मास्तरीणबाई. त्यांनी मान वर करून गजांतलं साबणाने माखलेलं तोंड नीट न्याहाळलं.

‘अय्या, तुम्ही घरी?’

‘बाई, पोरांनी कडी लावली हो! दूध आहे गॅसवर! कुणाला तरी बोलवा!’

‘कुलूपवाल्याला बोलावू?’ त्या म्हणाल्या. बावीस दिवसांचं व्याज त्यांनी एका प्रश्नात वसूल केलं. पण बाई मनाने वाईट नव्हत्या. चार घरं पालथी घालून त्या पाच मिनिटांत कुलूपवाला घेऊन आल्या. तो निघाला त्याचाच जुना चेला, आता समोरच्या कोपऱ्यावर स्वतःचं दुकान थाटून बसलेला. ‘त्याच्या हातात कानस म्हणजे माकडाच्या हाती कोलीत’ असं किल्लीवाला गल्लीभर सांगत फिरे, आणि ते चेल्याच्या कानावर कधीच गेलेलं होतं.

चेल्याने वरचं लॅच एका दमात उघडलं. दार ढकललं. हललं नाही. खालची कडी.

‘उस्ताद,’ तो जिन्यातून म्हणाला, ‘ही आतली कडी तुम्हीच बसवली ना? बाहेरून नाही निघायची. दार फोडावं लागेल.’ मग त्याने वाकून फटीपाशी विचारलं, ‘ताई, कडी काढतेस का?’

‘कोण?’

‘मी काका. बाबांना काढायला आलोय.’

‘बाबा दुकानात.’

‘मग आत कोण ओरडतंय?’

‘कोणी नाही,’ थोरली म्हणाली.

जिन्यात आता दहाबारा माणसं जमली होती. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘गुरूची विद्या गुरूला!’ बादलीवर उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू गेलं, पण लागलं नाही. त्याला दुसरंच लागलं होतं. पोरगी घाबरून, गोंधळून उत्तर देत नव्हती. तिला खात्री होती. बंद दारामागून येणारा आवाज आपल्या बाबाचा असेल हे तिच्या मनातही येत नव्हतं, कारण बंद दारामागे बाबा नसतो हे तिला बाबानेच सांगितलं होतं. तो रडू लागला. साबण डोळ्यांत गेला असेल असं म्हणायला वाव होता, पण साबण केव्हाच वाळला होता.

चेल्याने पहार मागवली, तेवढ्यात जिना चढून बायको आली. एक गाल फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा. बोलायची सोय नव्हती. सगळ्यांनी एकदम तिला सगळं सांगितलं. वास तिच्या नाकापर्यंत पोचलाच होता. तिने गर्दी हाताने बाजूला सारली, दारापाशी गेली आणि पायाने ठोकलं. दोनदा. जरा थांबून एकदा.

आत पावलं धावली. कडी सरकली.

बायको आधी ओट्याकडे गेली. गॅस बंद केला, पातेलं मोरीत टाकलं. थोरली स्टुलावर बसून धाकट्याला बूट घालत होती, ते अर्धवट टाकून ती दार उघडायला आली होती. डावा बूट डाव्या पायात, बरोबर. पडलं होतं ते बुटांचं खोकं. बायकोने दोघांना जवळ घेतलं. मग तिने बाथरूमच्या दाराकडे बघितलं, आणि हात पोचत असूनही ती जागची हलली नाही.

आतल्या माणसाने ते तीन ठोके ऐकले होते. तो बादलीवरून उतरला. गळा बसला होता, आणि बोलून उपयोग नाही हे एव्हाना समजलं होतं. त्याने दारावर, अगदी खाली, बोटाने ठोकलं. दोनदा. जरा थांबून एकदा.

थोरली धावली. दोन्ही हातांनी तिने कडी ओढली. दार उघडलं, आणि ओला पंचा गुंडाळलेल्या, अंगावर पांढरे चट्टे उठलेल्या माणसाकडे ती बघत राहिली.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘तू दुकानात नाही?’

‘नाही गं,’ तो म्हणाला. ‘घरी होतो.’

दारातून मास्तरीणबाई आणि त्यांच्यामागची सगळी वरात हे बघत होती. त्याच दुपारी त्याने कपाटाची किल्ली घासून बाईंच्या हातात दिली. चार मिनिटं लागली. बाथरूमची कडी काढली, फळीवर उघडण्याचा धडा सुरू केला, आणि आता कुलपं तीन आठवड्यांऐवजी दीड आठवड्यात होतात. एका माणसात याहून जास्त सुधारणा मागणं बरं नाही.

एक गोष्ट मात्र त्याला उलगडून घेता आली नाही. शिकवलेलं विसरायला लावायचं कसं, ते त्याच्या फळीवर नव्हतं. संध्याकाळी तो वेळेवर घरी येतो. खिशात दाराच्या दोन किल्ल्या असतात, पण खालची कडी लावलेली असते, आणि ती लावून कोण बसलंय हे त्याला माहीत असतं. तो पायाने ठोकतो, दोनदा, जरा थांबून एकदा. पावलं धावत येतात, पण कडी सरकत नाही. आतून प्रश्न येतो, ‘कोण?’

‘बाबा.’

‘बाबा दुकानात!’ थोरली ओरडते, आणि तिच्या मागून धाकटाही, ज्याच्याकडे आता पाच शब्द आहेत, ओरडतो, ‘बाबा नाई!’

दोघं आत खिदळत असतात. जिन्यावरून जाणारे शेजारी हसून बघतात. किल्लीवाला आपल्याच दाराबाहेर उभा राहतो, आणि पुन्हा ठोकतो.