सोयरिकीचा माणूस रक्ताच्या चौकशीला

माझ्या रेणापूरच्या मामांना माणूस दिसतच नाही, दिसतं ते त्याचं नातं. पंचक्रोशीतल्या सोयरिकी त्यांनी जुळवल्या, त्यामुळे कुणी स्वतःचं नाव सांगू लागला की हात वर करून थांबवतात, "नाव राहू दे. मामकूळ सांग." घरातला पहिला पदवीधर मी, पण मामा ओळख करून देतात ती ‘आमच्या बहिणीचा थोरला’ एवढीच. माझ्या हृदयाचा स्नायू जाड झालेला निघाला, तेव्हा लातूरचे डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटांत आम्ही एक दुर्मिळ, आनुवंशिक दोषही शोधतो. रक्त पाठवू, आईकडं कुणी तरणंताठं गेलंय का? सोबत आलेल्या मामांनी पणजीच्या माहेरापासून सुरुवात केली. डॉक्टर कागदावर वंशावळीचे चौकोन आणि गोल मांडत होते, त्यावर मामांनी बोट ठेवलं, "ही धाकटी, साहेब. हिला इकडं घ्या." निघताना विचारलंच, "तुमचं लग्न झालंय का?"

दोष निघाला, आईकडून आलेला. आता आजोळचं एकेक माणूस वेळेत तपासायला हवं होतं, कारण हृदय आणि किडन्या आतल्या आत खराब होत जातात. मामा हिंडायला निघाले. पण सोयरीक जुळवणारा दारात आला की लोक चहा ठेवतात आणि आजार झाकतात. धर्माबादची मावशी, मामांची सख्खी बहीण, तीसुद्धा म्हणाली, "दादा, आमच्यात कुणाला साधं पडसं न्हाई. पोराला स्थळ आणलंय का?" मग मामांनी आजाराचं नावच सोडलं. नुसतं विचारलं, "उन्हाळ्यात ह्याचं कसं असतंय?" मावशी खुलली. "काय सांगू, घाम म्हणून येत न्हाई. पाय जळतेत म्हणून बादलीत घालून बसतंय. लई आळशी."

"आळशी न्हाई गं," मामा म्हणाले, "आजारी हाय. डॉक्टरांनी हीच लक्षणं सांगितलीत. उद्या लातूरला चला."

मावसभावाचं हृदय नुकतंच जाड होऊ लागलं होतं. वेळेत सापडला.

मामांचं स्वतःचं रक्त निर्दोष निघालं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण सोयरिकीच्या प्रत्येक बैठकीत त्यांनी आधी सांगायला सुरुवात केली, "आमच्या आईच्या रक्तात हे आलंय. तुमच्यात कुणाचं हृदय जाड निघालं तर तपासा, लाजू नका." लोकांनी मान डोलावली आणि मामांना बोलावणं बंद केलं.

दर पंधरा दिवसांनी मला आणि मावसभावाला शेजारशेजारच्या खाटांवर औषध चढवतात. मध्ये स्टुलावर मामा. परवा मी विचारलं, "मामा, वाईट वाटतं का हो?"

"वाटतंय की. लग्नसराई हाय." थोडा वेळ त्यांनी वर बाटलीकडं पाहिलं. "थेंब नीट पडतोय न्हवं?"