नसलेला रवा

मावशींना काहीही विचारलं की त्या चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि उलट आपल्यालाच विचारायच्या, "कवाचं इचारताय?"

साखर किती लागते, हा त्यांच्या लेखी अर्धाच प्रश्न. सोमवारची की शनिवारची, श्रावणातली की परीक्षेच्या दिवसांतली, वडगावच्या दुकानाला की लोणावळ्याच्या, हे कळल्याशिवाय त्या आकडा सांगत नसत. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण घाईनं त्यांच्याजवळ जातो आणि तीच आपल्याला जरा थांबवतात.

तळेगाव, वडगाव आणि लोणावळा अशी एका मालकांची तीन किराणा दुकानं. तिन्हींत कुठला माल किती मागवायचा, हे एकोणीस वर्षं मावशी ठरवत होत्या. शिक्षण सातवी. घर बेगडेवाडी स्टेशनजवळ. बसायची जागा वडगावच्या गोदामात, दारालगतच्या टेबलाशी. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मशीन लर्निंगचं काम करतो. कुठल्या आठवड्यात काय किती खपेल, हे संगणकानंच आधी सांगावं, अशी सोय करून द्यायला मालकांनी मला बोलावलं होतं.

अडचण पहिल्याच दिवशी कळली. दुकानांची बिलं संगणकावर निघायला लागून जेमतेम एक वर्ष झालं होतं. म्हणजे जुन्या बिलांवरून अंदाज बांधणाऱ्या माझ्या मॉडेलनं दिवाळी एकदाच पाहिली होती, उन्हाळाही एकदाच. एकदा पाहिलेलं दरवर्षी तसंच होतं की नाही, हे त्याला कळणार कसं? हे मी मालकांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. काम हातचं जाईल म्हणून सांगितलं नाही.

पहिली यादी घेऊन मी मावशींकडे गेलो. त्यांनी बोट ठेवत ठेवत ती वाचली आणि एका ओळीवर थांबल्या.

"सायेब, वडगावला रवा इतका कमी?"

"मागच्या वर्षी या दोन आठवड्यांत एकही पुडा खपलेला नाही, मावशी."

"खपला न्हाई म्हंजी? रवा नव्हताच की दुकानात. गाडीच आली नव्हती. नसलेला रवा खपंल कुटनं?"

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून शून्य आणि माल नव्हता म्हणून शून्य, हा फरक मी पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. समोर आला तेव्हा ओळखला नाही.

मावशी हसल्या नाहीत. लॅपटॉपकडे बघून एवढंच म्हणाल्या, "ह्याला वरीसच झालंय व्हय? मग अजून रांगतंय म्हना की."

तेव्हापासून मी दर बुधवारी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसू लागलो. गेल्या गेल्या त्या विचारत, "बाळ काय म्हणतंय?" मी चुकलेले अंदाज दाखवायचो आणि त्या कारण सांगायच्या. तळेगावचा एक महिना मंदीचा दिसत होता, तर "तवा पाइप टाकाया रस्ता खोदलेला. गिऱ्हाईक यील कसं?" वडगावला आठवड्याच्या मधल्याच एका वारी बिस्किटं जास्त खपत, तर "त्या दिशी तहसीलला गर्दी. कागदं करून माणूस घरी जाताना पोरांसाठी पुडा घेतंच." आणि नव्या सोसायटीबद्दल म्हणाल्या, "माणसं राह्याला आली की आदी झाडू, बादली न् पायपुसणी जात्यात. म्हैन्यानं डाळ-तांदूळ. बादल्या मोजा, म्हंजी डाळ कळंल."

मी हे सगळं वहीत उतरवायचो आणि घरी जाऊन मॉडेलमध्ये भरायचो. पुढे त्या मला सायेबऐवजी दादा म्हणू लागल्या. डबा उघडला की झाकणावर अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवत. "खावा. बाळाला शिकवायचं तर आदी मास्तरनं जेवाय पायजे."

मास्तर कोण होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दहा बुधवारांनंतर अंदाज चांगले जमू लागले. मालकांनी तळेगावच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि मागच्या खुर्चीवर बसल्या. मी पडद्यावर आलेख दाखवले. मावशींनी सांगितलेलं सगळं एका पानावर होतं आणि त्याला मी इंग्रजीत भारदस्त नाव दिलं होतं. त्यांचं नाव कुठेही नव्हतं.

मालक खूश झाले. "हे रस्त्याचं, सोसायटीचं वगैरे, मशीन आपलं आपण शिकलं?"

मागून मावशी माझ्याकडे बघत होत्या. चष्मा कपाळावर होता.

"हो," मी म्हणालो. "डेटामधूनच."

मावशींनी चष्मा खाली घेतला आणि पदराने पुसू लागल्या. मालक त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मावशी, सुटलात बघा. आता पुढच्या महिन्यापासून पॅकिंगला बसा. डोक्याला ताप नाही."

अजूनही बोलता आलं असतं. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिलो.

दोन महिने त्यांनी डाळींच्या पिशव्या भरल्या. मग काम सोडल्याचं कळलं. माझ्या कंपनीला त्याच यशावर आणखी दोन दुकानदारांची कामं मिळाली.

वर्षभरानं लोणावळ्याच्या दुकानाचे अंदाज फसू लागले. दूध-ब्रेड उरायचं, अंडी पुरायची नाहीत. मालकांचा फोन आला. मी काय केलं असेल? बेगडेवाडीला गेलो. माफी मागायला गेलो असतो, तर हे लिहायला मला एवढं जड गेलं नसतं. मी वही घेऊन गेलो होतो.

मावशींनी चहा केला. माझी अडचण ऐकली. "तिकडं लोकं बंगले भाड्यानं द्याया लागल्यात. पावनी येत्यात शुक्रवारी सांजच्याला, अन् सकाळी आमलेट लागतंय. दूध-ब्रेड बंगलेवालाच देतो," त्या म्हणाल्या. मी लिहून घेतलं. पॅकिंगबद्दल, त्या मीटिंगबद्दल एक शब्द नाही. ना त्यांनी काढला, ना मी.

निघताना त्या जरा संकोचून म्हणाल्या, "दादा, एक काम व्हतं. हितं बायांचा बचत गट हाये. आमी मसाला करतो. कवा किती करावा, ह्ये त्या मशिनीवर कसं मांडायचं, मला शिकवाल का? मला येतंय, पन बाया इचारत्यात, कशावरनं म्हनता. कागदावर दावलं की मानतील."

"येत्या रविवारी येतो," मी म्हणालो. खरंच यायचं होतं.

अंड्यांचा अंदाज जमला. मालक फोनवर म्हणाले, "मॉडेल बरंच सुधारलंत हं." मी थँक्यू म्हणालो. त्या रविवारी एका मित्राकडे जेवायला गेलो. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं, मग पुढच्या. नंतर तर तोंड दाखवायची लाज वाटू लागली आणि लाजेपायी आणखी दिवस गेले.

चार महिन्यांनी गेलो, तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. मावशी लेकीकडे जुन्नरला राहायला गेल्या, म्हणाल्या. कधी येतील, ते माहीत नव्हतं.

"तुमीच का त्ये मशीनवाले दादा?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"दोन रविवार भाच्याचा लॅपटॉप मागून आणला व्हता त्यांनी. चार्जिंग करून ठिवायच्या अन् बायांना घिऊन दारात बसायच्या. तिसऱ्या रविवारी भाचा म्हनला, आता देत न्हाई."