सोमवारी ध्यान बंद राहील

आधी एक कबूल करा. मी सांगून राह्यली तवर कोणी हसायचं नाही. मले आजही त्या गोष्टीचा राग येते. माझ्या मूर्खपणाचा नाही, तो वेगळा हिशोब आहे. राग येते त्या जर्मन लोकायचा, त्यायच्या डिक्शनरीचा, अन् सगळ्यात जास्त माझ्या मामाचा!

तं झालं असं. मी प्रज्ञा, साखरखेर्ड्यात राहते अन् जर्मनचं काम करते.

हे वाक्य आमच्या गावात बोलायची सोय नाही. आमच्याइकडं जर्मन म्हणजे भाषा नाही, ॲल्युमिनियमचं भांडं. जर्मनचं पातेलं, जर्मनचा गंज, जर्मनची परात. शेजारच्या काकू एक दिवस बूड गेलेलं पातेलं घेऊन दारात उभ्या.

"प्रज्ञे, तू जर्मनचं काम करते म्हणे. याले बूड लावून दे."

"काकू, मी भाषेचं काम करते वो."

"मंग भाषेनं लाव. पण आजच लाव, पाहुणे येऊन राह्यले."

अशा गावात बसून मी तीन वर्षं शिकलेली जर्मन चालवते. पुण्यात एक भाषांतराचं ऑफिस आहे. ते मले जर्मन मजकूर पाठवते, मी त्याचं इंग्रजी करते, पुण्याच्या लेले मॅडम ते तपासतात, अन् मंग ते जर्मनीले जाते.

आता तुम्हीच सांगा, ज्या बोलीत 'ला' चा 'ले' होते, त्या बोलीत या बाईबद्दल बोलायचं कसं? "लेलेले सांगितलं", "लेलेले पाठवलं". माय स्वयंपाकघरातून विचारे, "काय वं, गाणं म्हणून राह्यली काय?"

लेले मॅडमले मी कधी पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. फक्त मेल यायच्या. अन् मेल तरी कशा? ठसठशीत, एक वेलांटी इकडची तिकडं नाही. "कृपया या शब्दाचा पुनर्विचार व्हावा." बस, एवढंच. पण ते वाचलं की मले वाटे, बाई मले सरळ गावंढळ म्हणून राह्यली! दोन वर्षं मी मनातल्या मनात या बाईशी भांडत होती. तिले पत्ताच नव्हता.

अशात एका जर्मन गावाचं काम आलं. डोंगरातलं लहान गाव, जंगलातून जाणारी बारा किलोमीटरची पायवाट, अन् फिरायले येणाऱ्या पाहुण्यायसाठी माहितीपुस्तिका. झाडं, झरे, मधात एक इवलंसं चर्च. सगळं सुरळीत चाललं होतं. अन् सातव्या ओळीत, भर रस्त्यात म्हैस बसावी तसा एक शब्द बसला होता.

आइनकेअरम्योग्लिशकाइट.

वाटेत म्हणे अशा पाच आहेत.

मी शब्द फोडला. मागचा तुकडा म्हणजे सोय. पुढचा तुकडा, आइनकेअर, म्हणजे आत वळणं. पण आत म्हणजे कुठं आत? डिक्शनरी उघडली. तिथं दोन अर्थ. एक, वाटेतल्या खानावळीत थांबणं. दुसरा, अंतर्मुख होणं, स्वतःच्या मनात पाहणं.

हा काय प्रकार आहे, सांगा मले! ही माणसं कचऱ्याचे चार डबे वेगवेगळे ठेवतात. अन् जेवण अन् आत्मचिंतन एकाच डब्यात?

तेवढ्यात मामा आले. मनोहर मामा, मायचे मोठे भाऊ, रिटायर्ड शिक्षक. विपश्यनेचं दहा दिवसाचं शिबिर दोनदा करून आलेले. गावात कोणाच्या हातात बाटली दिसली की मामा त्याच्यामागं घरापर्यंत जातात अन् उंबऱ्यावर बसून व्यसनमुक्तीवर बोलतात. मी त्यायले दोन्ही अर्थ सांगितले.

"जंगल आहे?" मामानं विचारलं.

"हाव."

"झरा?"

"हाव."

"शांतता?"

"भल्ली शांतता आहे म्हणते."

"मंग हॉटेल कोण टाकीन तिथं? गिऱ्हाईक कोण, हरणं?" मामानं मांडीवर थाप मारली. "ध्यानाच्या जागा आहेत त्या! पाच! धम्म कुठवर पोचला पाह्य!"

आतून मायचा आवाज आला, "बारा किलोमीटर चालतात अन् खात काहीच नाहीत?"

"तू मधात बोलू नको," मामा म्हणे. "हा मनाचा विषय आहे."

"माहा पोटाचा आहे," माय म्हणे, अन् तिनं भाकरी थापायले घेतली.

मी पुढची ओळ वाचली. तीन ठिकाणी उन्हात बसायले ओटा आहे.

"बरोबर!" मामा म्हणे. "थंड देश. माणूस गारठला तं मन एकाग्र होत नाही."

त्याच्या पुढची ओळ. कुत्रं सोबत आणलं तरी चालीन.

मामाचे डोळे पाणावले. खरंच! "आपल्याइकडं माणसाले तळ्यावर येऊ देत नव्हते, प्रज्ञा. अन् तिथं ध्यानाले कुत्र्यालेही आडकाठी नाही. याले म्हणतात करुणा."

शेवटची ओळ. सोमवारी बंद.

इथं मी अडकली. "मामा, ध्यान सोमवारी बंद कसं राहीन?"

मामा विचारात पडले. दोन मिनिटं डोळे मिटले. मंग म्हणे, "शिस्तीचे लोक आहेत. मनालेही साप्ताहिक सुट्टी देत असतीन."

अन् हे मले पटलं! जर्मनची एवढी सर्टिफिकिटं भिंतीवर टांगलेली, अन् मले हे पटलं! मी छान इंग्रजी केलं. वाटेत आत्मचिंतनाच्या पाच जागा, उन्हाच्या ओट्यासहित, कुत्र्यायचं स्वागत, सोमवारी बंद. पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाईल वापस आली. लेले मॅडमनं माझ्या वाक्यावर लाल रेघ मारली होती अन् वर लिहिलं होतं, 'प्लेसेस टू स्टॉप फॉर अ बाइट अँड अ ड्रिंक'. बाजूले नेहमीचंच, "कृपया पुनर्विचार व्हावा."

मी मामाले दाखवलं. मामानं चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"ड्रिंक?"

"हाव मामा."

"ध्यानाच्या जागी ड्रिंक?"

मले वाटलं मामाले आता पाणी द्यावं लागीन. पण मामा उठले अन् अंगणात फेऱ्या मारायले लागले. "लिही! मी सांगतो, तू लिही!"

अन् मी लिहिलं. मामा मराठीत गरजे, मी इंग्रजीत टाइप करे. "जिथं माणूस स्वतःले भेटते तिथं तुम्ही बाटली ठेवली." "हा शब्दावरचा नाही, संस्कृतीवरचा हल्ला आहे." मंग मलेही जोर चढला. दोन वर्षाचं साचलेलं होतं ना! मी माझं एक वाक्य घातलं, "बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरीले जर्मन काय समजीन, असं पुण्यात बसून कोणी समजू नये." अन् ते ठळक अक्षरात केलं.

माय म्हणे, "आधी जेवून घे. मंग पाठव."

आयुष्यात मायचं ऐकायची एवढी चांगली संधी परत येत नाही. पण नाही! मी पाठवलं. अन् नुसतं लेले मॅडमले नाही पाठवलं, ज्यायची पुस्तिका होती त्या जर्मन गावच्या पर्यटन कचेरीतल्या ब्रिगिटे बाईलेही त्याची प्रत पाठवली. म्हटलं, होऊन जाऊ दे!

ब्रिगिटे बाईचं उत्तर संध्याकाळीच आलं. "तुमचं इंग्रजी फार काव्यमय आहे. असंच राहू द्या." त्या बाईचं इंग्रजी कच्चं आहे, हे मले लय मागाहून कळलं. लेले मॅडमची एकच ओळ आली. "ठीक आहे. आपल्या जबाबदारीवर."

जिंकली मी! मामानं पेढे आणले. विहारात रविवारच्या वंदनेनंतर उभं राहून सांगितलं की आपल्या प्रज्ञानं जर्मनीतलं ध्यान वाचवलं. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून बसली, विनयानं.

दोन महिन्यानं ब्रिगिटे बाईची मेल आली, व्हिडिओवर बोलायचं आहे. मामा म्हणे, "सत्कार करत असतीन." इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मामा माझ्या बाजूले खुर्ची टाकून बसले. माय दारात उभी.

ब्रिगिटे बाई पडद्यावर आली. चिडलेली नव्हती. अहो, चिडली असती तं बरं झालं असतं! ती शांत होती. तिनं एक फोटो दाखवला.

चौदा गोरे म्हातारे-म्हाताऱ्या, एका लांब टेबलाभोवती, डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून बसलेले. मागं बँडवाले फुग्यासारखे गाल करून पिपाण्या वाजवून राह्यलेले. बाजूच्या टेबलावर एवढाल्या काचेच्या मगात फेस आलेलं काहीतरी.

"हे कायचं पेय आहे?" मामानं विचारलं.

"सफरचंदाचा रस," मी म्हटलं. तो फेस कायचा, हे मले तवाच कळलं होतं.

ब्रिगिटे बाईनं सांगितलं ते असं. इंग्लंडमधल्या ध्यान करणाऱ्या एका मंडळाच्या हाती ती पुस्तिका लागली. आत्मचिंतनाच्या पाच जागा! बिचारे ध्यानाले बसायच्या उशा घेऊन आले. पहिल्या जागी पोचले तं ती बिअर अन् भाजलेल्या मटणाची खानावळ, त्यात रविवार, त्यात बँड. त्यायले वाटलं, ही एकाग्रतेची परीक्षा आहे. बसले डोळे मिटून. मालक येऊन विचारे, काय आणू? त्यायचा म्होरक्या हळूच म्हणे, "काही नको. काही नको वाटावं म्हणूनच आम्ही आलो."

मालक म्हणे, "मंग टेबल खाली करा."

दुसऱ्या जागी तेच. तिसऱ्या जागी तेच. चौथ्या जागी एका आजोबाले भुकेनं चक्कर आली अन् तो नेमका वाढणाऱ्या बाईच्या ताटावर पडला. पाचव्या जागी मंडळानं ध्यानाचा नाद सोडला अन् सगळ्यायनं पोटभर खाल्लं. घरी गेल्यावर चार पानी तक्रार लिहिली. आता गावात जेवढ्या पुस्तिका होत्या तेवढ्यायवर कचेरीतले लोक बसून कागदाच्या पट्ट्या चिकटवून राह्यले होते.

मी मामाले खालच्या आवाजात सगळं मराठीत सांगितलं. मामानं फोटोकडं परत एकदा पाहिलं. मंग चष्मा पुसत म्हणे, "ते सोमवारी बंद होतं ना, मले तवाच शंका आली होती."

आली होती?! अहो, मंग बोलले काऊन नाही? डोळे मिटून काय केलं दोन मिनिटं? मनाले साप्ताहिक सुट्टी कोणी दिली, मी? सांगा, याचा राग येईन का नाही येईन?

दारातून माय म्हणे, "चिखलीच्या रस्त्यानं चहाच्या टपऱ्या मोजून पाह्य. माणूस चालला की त्याले खायले लागते. तिथले काय वेगळे आहेत?"

ब्रिगिटे बाई शेवटी म्हणे, "काळजी करू नका. लेले बाईंनी तासाभरात नवीन मजकूर पाठवला. अन् चूक ऑफिसची आहे, तुमची नाही, असं त्यांनी लिहून दिलं आहे."

हे ऐकून मले जमिनीत जावंसं वाटलं. ज्या बाईले मी जर्मनीच्या साक्षीनं झोडपलं, तिनं मले वाचवलं! व्हिडिओ बंद झाला. माझं काम जाईन म्हणून मी रडायच्या बेतात होती, अन् तेवढ्यात फोन वाजला. लेले मॅडम. दोन वर्षात पहिल्यांदा.

मी खुर्चीवरून उठून उभी राह्यली. काऊन, माहीत नाही. माफीची वाक्यं मी मनात जमवली, एकदम शुद्ध, पुण्याले शोभतीन अशी.

"नमस्कार मॅडम. माझ्याकडून अनवधानाने जी अक्षम्य चूक घडली, तिच्याबद्दल मी आपली अंतःकरणपूर्वक..."

"थांब वं, थांब! दम घे जराक! रेडिओवर बातम्या देऊन राह्यली काय?"

मले वाटलं राँग नंबर. मी फोन कानापासून दूर करून नाव पाहिलं. लेले मॅडमच.

"मॅडम... तुम्ही..."

"अमडापूरची आहे मी. लेले लग्नानंतर झाली. तुही ती मेल मी माह्या मायले फोनवर मराठी करून सांगितली, की पुण्यात बसून मी बुलढाण्याले कमी लेखते. माय म्हणे, बरोबर बोलली पोरगी, दोन वर्षं झाले तू घरी आली नाही!" अन् बाई अशी हसली की मामाले खुर्चीवर ऐकू गेलं.

काम गेलं नव्हतं. बाई रागावलीही नव्हती. मंग मात्र मलेच राग आला, खरंच सांगते. दोन वर्षं मी या बाईशी मनात भांडली, तिच्या एकेका वेलांटीवर जळली, अन् ही निघाली आमच्या शेजारच्या तालुक्याची!

मी म्हटलं, "मंग मॅडम, हे तुम्ही आधी काऊन नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठं वं? तू तं डायरेक्ट जर्मनीले कळवलं!"