बाबांच्या वयाची पडताळणी

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासऱ्यांना अल्पवयीन ठरवलं आणि त्याच आठवड्यात त्यांना वाळवंटात हरवलं. दोन्ही गोष्टी मी चांगल्या हेतूने केल्या.

मी कुवेतमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि त्यांना नम्र शब्दांत झोंबणारे ईमेल पाठवते. फावल्या वेळात माझी एक छोटीशी वेबसाइट आहे. तिच्यावर आपल्याकडच्या खेळांचे नियम, त्यांवरून होणारी भांडणं आणि सभासदांनी पाठवलेले उखाणे असतात. सत्तरेक सभासद आहेत. (त्यातले अकरा माझे नातेवाईक, म्हणजे नाइलाजाने झालेले.) त्यातली कुवेतमधली कुटुंबं दर हिवाळ्यात जहरा गावाच्या पुढे वाळवंटात तंबू ठोकतात आणि दोन दिवस नुसती खेळतात. त्याला आम्ही खेळमुक्काम म्हणतो. बाबा, म्हणजे माझे सासरे, संगमनेरला गणिताचे मास्तर होते. या वर्षी ते खास खेळमुक्कामासाठी व्हिजिट व्हिसावर आले होते. येताना पत्त्यांचे सहा कॅट घेऊन आले होते, कारण परदेशातल्या पत्त्यांवर त्यांचा भरवसा नाही.

मुक्कामाला दहा दिवस उरले असताना इंग्लंडमधल्या आमच्या एका सभासदाचा, गोखले काकांचा निरोप आला. तिकडे नवा कायदा आला होता. वेबसाइट चालवणाऱ्याने मुलांना धोका होणार नाही याची काळजी घ्यायची, काही साइटनी तर सभासदांचं वयही तपासायचं, आणि यातून लहान साइट सुटलेल्या नाहीत. 'आमचा सायकलवाल्यांचा फोरम होता, तो चालवणाऱ्याने घाबरून बंदच केला. तू एकदा नियम वाचून घे,' असं त्यांनी लिहिलं होतं.

मी नियम उघडले. पानं संपेनात, म्हणून मी वाचणं सोडलं आणि घाबरायला सुरुवात केली. उन्हाळ्यात आम्ही माझ्या बहिणीकडे लंडनला जाणार होतो. विमानतळावर एक अधिकारी मला बाजूला घेऊन 'काचापाण्याची वेबसाइट तुमचीच का?' असं विचारतोय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

"तुझ्या साइटवर वय विचारण्यासारखं आहे तरी काय?" नितीनने विचारलं. नितीन माझा नवरा. तो काळजी करत नाही, कारण त्याच्या वाटची मी करते.

"उखाणे आहेत."

"मग?"

"नाशिकच्या मावशींचे दोन जरा मोकळे आहेत."

"ते दोन काढून टाक."

इतका सोपा उपाय मला पटणं शक्यच नव्हतं. शनिवारी दिवसभर बसून मी साइटला दार बसवलं. आधी जन्मतारीख भरायची. मग कॅमेऱ्यासमोर तोंड धरायचं. चेहरा बघून वय सांगणारा एक फुकटचा प्रोग्रॅम मला सापडला होता. दोन्ही वयं अठराच्या वर आली तरच दार उघडणार. सगळ्यात आधी मी स्वतःवर प्रयोग केला. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. प्रोग्रॅमने एकावन्न सांगितलं. मी दिवा बदलून पाहिला, तर चोपन्न. पण दार उघडलं, तेव्हा अपमान गिळून मी चाचणी यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. (बँकेत कोणी एवढ्यावर चाचणी संपवली असती, तर मी त्याला दोन पानी ईमेल लिहिला असता.)

रविवारी (इकडे तो कामाचा दिवस) संध्याकाळी ऑफिसमधून आले, तर बाबा हातात टॅब घेऊन दारात उभे.

"अनघा, हे मला म्हणतंय की तुम्ही अजून लहान आहात, पालकांना बोलवा. आता माझे पालक मी कुठून आणू?"

बाबांनी जन्मसालाच्या रकान्यात '५१' एवढंच लिहिलं होतं. माझ्या फॉर्मने ते २०५१ धरलं. म्हणजे नुसते लहान नव्हे, बाबांचा अजून जन्मच व्हायचा होता.

"बाबा, पूर्ण साल लिहायचं."

"लिहिलं असतं. पण ती तारीखच मुळी खरी नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्या वर्गाला एक जून लावून दिली. मी जन्मलो दिवाळीच्या आसपास. खोटी माहिती दिल्यास खातं बंद होईल, असं तूच खाली लिहिलंयस."

तेवढ्यात शेजारच्या देशमुखांचा फोन आला. देशमुख चाळिशीचे, अकाउंटंट, गुळगुळीत दाढी केलेले, गालांवर खळ्या. "वहिनी, मला चौदा दाखवतंय." त्यांच्या आवाजात तक्रार कमी आणि आनंद जास्त होता. मी दोघांनाही "बघते" म्हणाले. आणि बघितलं नाही. तंबूंची यादी, जेवणाचा बेत, बिर्याणीत बटाटा घालायचा की नाही यावरचं मतदान, यात आठवडा गेला.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. मुक्कामाचं लोकेशन दरवर्षी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं जायचं. पण मग माझ्या साइटवर कोणी फिरकत नाही. म्हणून या वर्षी मी ठणकावून सांगितलं होतं की लोकेशन साइटवरच मिळेल. ते दाराच्या आत होतं.

शुक्रवारी सकाळी सहाला नितीन आणि मी सामान घेऊन इक्बालभाईंच्या पिकअपमधून पुढे गेलो. इक्बालभाई मूळचे दापोलीकडचे. त्यांचं जहरात किराणा दुकान आहे आणि त्या वाळवंटाची त्यांना आपल्या अंगणासारखी माहिती आहे. बाबा आणि आमची मुलगी रिया नऊला देशमुखांच्या गाडीतून निघणार होते.

"रस्ता?" देशमुखांनी आदल्या दिवशी विचारलं होतं.

"साइटवर आहे," मी म्हणाले होते.

या वर्षीची जागा छान होती, वाऱ्यापासून आडोशाला, एका खोलगट भागात. मोबाइलला तिथे सिग्नल येत नव्हता, पण लोक खेळायला येणार म्हटल्यावर मला ते उलट बरंच वाटलं. दहापर्यंत बहुतेक मंडळी आली. कॅरम मांडले गेले, पोरं लगोरीसाठी दगड शोधू लागली. साडेदहाला मी रस्त्याकडे एकदा पाहिलं. अकराला दोनदा. साडेअकराला मी पाहायचं थांबवलंच नाही.

आणि तिथे उन्हात उभं राहून माझ्या डोक्यात सावकाश हिशेब जुळला. गाडीत तीन माणसं. देशमुख, माझ्या साइटच्या मते वय चौदा. बाबा, जन्म व्हायचाय. रिया, खरोखरच पंधरा. तिने प्रामाणिकपणे तेच भरलं होतं आणि पालकांच्या परवानगीचा ईमेल मला आला होता, जो मी उघडला नव्हता. त्या गाडीत लोकेशनचं पान उघडू शकेल असं एकही माणूस नव्हतं. आणि ज्यांना फोन करून विचारता आलं असतं, ते सगळे या खड्ड्यात सिग्नलशिवाय बसले होते.

मी नितीनला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याने फक्त घड्याळ पाहिलं, आणि मला कळलं की तो कशाचा विचार करतोय. बाबांना मधुमेह आहे. साडेबाराला त्यांच्या पोटात काहीतरी जायलाच लागतं. त्यांचा डबा आणि गोळ्या माझ्याच पिशवीत, तंबूत होत्या.

नितीन उंचवट्यावर सिग्नल शोधायला धावला. मी पिशवी उचलून इक्बालभाईंकडे गेले.

"वैनी, बसा गाडीत," ते म्हणाले. "गेल्या वर्षीची जागा देशमुखला ठाऊक हाय ना? तो तिकडंच गेला असंल. तिथनं बगत बगत येऊ."

गेल्या वर्षीची जागा रिकामी होती. तिथून चाकांचे ठसे चार दिशांना गेले होते. पहिल्या तंबूपाशी एका कंपनीची सहल होती. त्यांनी कोणाला पाहिलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी नुसते उंट होते. तिसऱ्या तंबूत एक बाई म्हणाली की पांढरी गाडी गेली होती, पण वाळवंटात सगळ्याच गाड्या पांढऱ्या असतात. साडेबारा वाजून गेले. मी इक्बालभाईंना सांगायला लागले की बाबांना काही झालं तर नितीनला मी काय तोंड दाखवू, की मी ती साइटच बंद करते, की मला कसली हौस होती.

"ती बगा गाडी," इक्बालभाई म्हणाले.

देशमुखांची गाडी वाळूत निम्म्या चाकांपर्यंत रुतली होती. आत कोणी नव्हतं. शेजारी एक भलामोठा काळा तंबू होता. मी चप्पल न काढता आत शिरले आणि मग ती काढायला पुन्हा बाहेर आले, कारण आत सुंदर गालिचे होते.

गालिच्यावर बाबा मांडी घालून बसले होते. समोर मोठ्या परातीतला भात जवळपास संपला होता. बाजूला तीन कुवेती आजोबा, कडेला नुसते पाहणारे देशमुख, आणि मध्ये पत्त्यांचा डाव. रिया बाबांच्या मागे बसून शाळेतल्या अरबीत भाषांतर करत होती.

"अनघा, आलीस? तू जेवलीस का?" बाबांनी विचारलं.

मला रडूच कोसळलं. दुपारच्या उन्हात, परक्यांच्या तंबूत, हातात डबा घेऊन मी उभ्या उभ्या रडले. यजमानांनी, त्यांना सगळे अबू फैसल म्हणत होते, मला काही न विचारता पाणी दिलं आणि बसायला उशी सरकवली.

"मॉम, रिलॅक्स," रिया म्हणाली. "आजोबा इज फाइन. ही इज विनिंग."

झालं होतं ते असं. गाडी रुतल्यावर अबू फैसल स्वतः बाहेर आले आणि पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. आत पत्ते चालले होते. त्यांच्या खेळाचं नाव 'कूत'. बाबांना ते 'कोट' ऐकू आलं. त्यांनी बूट काढले आणि मेंढीकोट खेळायला बसले. दोन डावांत त्यांच्या लक्षात आलं की नियम थोडे वेगळे आहेत, पण लबाडी सारखीच आहे.

मग गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला. तो आधी वडीलधाऱ्याला द्यायचा. म्हणून अबू फैसलनी रियाकरवी विचारलं की या आजोबांचं वय किती.

"मी सांगितलं, तारीख खरी नाही, गुरुजींनी लावलेली," बाबा म्हणाले. "तर हे हसायलाच लागले. यांच्या बताक्यावरची, ओळखपत्रावरची तारीखसुद्धा अंदाजाने घातलेली. यांचा जन्म कुठल्यातरी मोठ्या पावसानंतरचा, एवढंच यांच्या आईला आठवत होतं."

"मग कसं ठरवलंत?"

"दात," रिया म्हणाली. "इट वॉज सो ग्रोस."

अबू फैसल यांचे स्वतःचे एकोणीस दात शाबूत होते. बाबांनी आपली वरची कवळी काढून हातावर ठेवली. सभेने एकमताने बाबांना वडील ठरवलं आणि पहिला गहवा त्यांना मिळाला. मी एक शनिवार खर्चून जे करू शकले नाही, ते त्या तंबूत अर्ध्या मिनिटात झालं, आणि कोणाला कॅमेऱ्यासमोर तोंड धरावं लागलं नाही.

तोवर नितीन दुसऱ्याच कोणाच्या तरी जीपमधून शोधत शोधत, बाहेरची गाडी ओळखून पोचला. वडिलांना पाहून तो दारातच गुडघे टेकून बसला. थोड्या वेळाने त्याने माझ्याकडे पाहिलं. तो चिडेल असं मला वाटलं होतं. "तुलाही भात वाढून घे," एवढंच तो म्हणाला. भात इतका चवदार आयुष्यात कधी लागला नव्हता.

अबू फैसल यांच्या माणसांनी गाडी ओढून काढली आणि संध्याकाळी ते तिघेही आजोबा आमच्या तंबूत आले. त्यांना कॅरम चांगला येत होता, ही आमच्यासाठी वाईट बातमी ठरली. देशमुख येईल त्याला आपलं वय चौदा असल्याचं सांगत राहिले.

घरी आल्यावर मी गोखले काकांना फोन केला आणि सगळी कथा सांगितली.

"अगं, चेहरे तपासायला तुला कोणी सांगितलं? मी नियम वाचायला सांगितले होते," ते म्हणाले. तसल्या सक्तीच्या तपासण्या भलत्याच प्रकारच्या साइटना होत्या. माझ्यासारखीने आपल्या साइटपासून सभासदांना काय धोका होऊ शकतो याचा विचार करायचा, तो कागदावर मांडायचा आणि जपून ठेवायचा. बस्स. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना दोनदा तेच सांगायला लावलं.

त्याच दिवशी मी ते दार काढून टाकलं, मावशींचे दोन उखाणे उतरवले आणि नियमांतली प्रश्नावली समोर ठेवून कागद घेऊन बसले. जुगार, नाही. अश्लील मजकूर, नाही. अनोळखी व्यक्तींकडून त्रास, नाही. शेवटचा प्रश्न होता, सभासदांच्या सुरक्षिततेला इतर काही धोका संभवतो का. मी बराच वेळ विचार केला. खोटं लिहायचं नव्हतं. मग स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'होय. संचालिका साइटची दुरुस्ती स्वतः करते.'