भोंगा, धवला आणि माझा खरखराट

मी जे ऐकतो त्याला आमच्या गावात संगीत म्हणत नाहीत. त्याला खरखराट म्हणतात, आणि मला येडा. दोन्हीबद्दल माझी तक्रार नाही. त्यात सूर नसतो, ताल नसतो, शब्द तर नसतातच. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात एखादा माणूस पत्र्यावर माईक घासतो, तो आवाज यंत्रांतून फाटेपर्यंत वाढवतो आणि ते फाटणंच लोकांपुढे ठेवतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी करंजाहून रेवसला येणाऱ्या लाँचमध्ये होतो. हेडफोन बिघडला असं समजून मी तो काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. आवाज तसाच होता. धक्का येईपर्यंत मी तो बंद केला नाही.

मी बंदराच्या यार्डात कंटेनर उचलायचं यंत्र चालवतो. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटतं. सोबतचे विचारतात, एवढं ऐकून पोट भरत नाही का, परत तेच कानात? मी म्हणतो, भात पिकवणारा घरी येऊन भातच खातो ना. यार्डातला आवाज मी पगारासाठी ऐकतो, हा माझ्यासाठी.

सुरुवातीला सगळा एकच राडा वाटतो. मग कान चाल शोधायची सोडून देतात आणि थर वेगळे व्हायला लागतात. तळाला जाड घरघर असते, भरतीचं पाणी बांधाच्या उघाडीतून आत घुसतं तशी. तिच्यावर बारीक किरकिर असते, ती मध्येच दबते, आणि ती परत येण्याची आपण वाट बघत बसतो. मला लहानपणापासून राग फार. लोक सांगतात भजन ऐक, शांत वाटेल. मला शांत व्हायचंच नसतं. गोड गाणं मला गप्प बसवू बघतं, हा खरखराट बसवत नाही.

माझी आई धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. हळद लावण्यापासून मुलगी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो आणि ती तो गाऊन विधी लावते. आईला ते सगळे तोंडपाठ. तिच्या आईकडून आले, लिहिलेलं एक अक्षर नाही. पूर्वी आई गायला बसली की मांडव गप्प व्हायचा. आता मांडवाच्या दारात डीजेची भिंत उभी राहते, छाती आतून हलते, आणि आई नवरीच्या कानाशी तोंड नेऊन धवला म्हणते.

हा डीजे माझ्या मामाच्या मुलाचा. मामाचं घर आमच्या समोर, मध्ये फक्त गल्ली. मागच्या वर्षी एका हळदीत त्याने डीजे थांबवून फोन आईच्या तोंडापुढे धरला. "आत्या, जरा मोठ्यानं बोल, नीट भरून घेतो," म्हणाला. आई त्या दिवशी खूश होती. घरी येऊन मला म्हणाली, "पोराला किंमत हाय." मध्येच तिला खोकला आला होता, त्याचंच तिला वाईट वाटत होतं.

त्याच मामेभावाने टाकून दिलेला एक मोठा स्पीकर मी घरी आणला. हेडफोनमध्ये हे संगीत अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अंगाने ऐकायचं असतं. एका रविवारी सकाळी स्पीकर पडवीत मांडला आणि मला सगळ्यात आवडणारा तुकडा लावला. तो यंत्रातून निघालेल्या एका लांब किंकाळीने सुरू होतो. ती चढत जाते, चढत जाते, आणि खाली यायचं नाव घेत नाही.

आमच्या गावाच्या टोकाला रसायनांची कंपनी आहे. मिठागरं होती तिथे ती आली. गॅस सुटला तर भोंगा वाजेल, तेव्हा ओलं फडकं नाकाला लावायचं, वारा ज्या बाजूने येतोय तिकडे पळायचं, हे शाळेतल्या पोरापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना घोटून शिकवलंय. माझ्या कानांत दुसरं काही शिरत नव्हतं. मी डोळे मिटून बसलो होतो. आईने खांदा हलवला तेव्हा उघडले. गल्लीतून माणसं पळत होती. कुणाच्या नाकाला टॉवेल, कुणाच्या ओला पदर, एक बाई मासळीची टोपली तशीच डोक्यावर घेऊन. सगळं गाव खाडीच्या बांधावर जाऊन उभं राहिलं. आई पडवीच्या खांबाला धरून हसत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी बटण बंद केलं.

कुणाला इजा झाली नाही. एका म्हाताऱ्याचा पाय मुरगळला, दोन-चार घरांतला भात करपला. मी घरोघर जाऊन सांगून आलो की चूक झाली. बहुतेक जण हसलेसुद्धा. पण गावकी हसत नसते. संध्याकाळी देवळात बोलावणं आलं. भोंग्याची चेष्टा म्हणजे गावाच्या जिवाची चेष्टा, असं ठरलं होतं. मी देवापुढे नारळ ठेवायचा, सगळ्यांसमोर चुकलो म्हणायचं आणि गावात असलं काही पुन्हा ऐकायचं नाही, हेडफोनवरसुद्धा नाही.

पहिल्या दोन गोष्टी मी केल्या असत्या. तिसरी ऐकली आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, गेल्या पावसाळ्यात अख्ख्या गावाचे डोळे चुरचुरले, लहान पोरं ओकली, त्या संध्याकाळी खरा भोंगा वाजलाच नाही. कंपनीला कुणी नारळ ठेवायला लावला का? त्या देवळाचे लाऊडस्पीकर कंपनीनेच दिलेत. वरून मी हेही बोललो की हळदीला खिडक्यांच्या काचा हलतात ते संगीत, आणि मी माझ्या पडवीत ऐकतो तो गुन्हा. मामा पंचांच्या रांगेत बसला होता. तो चटईकडे बघत राहिला.

वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा आहे, हे गावकीला वकिलापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणून तो शब्द कोणी उच्चारत नाही. फक्त दुकानात आपल्याला बघून बोलणं थांबतं. दाराशी येणारी मासळीवाली पुढच्या दारी जाते. मला त्याचं फारसं काही नव्हतं, मी दिवसभर खाडीपलीकडे. आईचं काय, हा प्रश्न मात्र होता, कारण महिन्याभरात मामाच्या मुलीचं लग्न होतं. मामाच्या स्वतःच्या लग्नाचा धवला आईनेच गायला होता.

मी आईला म्हणालो, "ठेवतो नारळ. म्हणतो चुकलो."

"आनि कान काय देवलात ठेवशील?" ती म्हणाली. "भोंग्याची चूक झाली, ती तू बोललास. आयकाचं की न्हाय ते गावकी ठरवनार न्हाय. माजा भाव हाय तो. बोलवंल."

हळदीच्या दिवशी दुपारपासून ती आंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून ओट्यावर बसली. समोर मांडवात बायका गोळा होत होत्या. मामी एकदा दारापर्यंत आली, आमच्याकडे बघितलं आणि आत गेली. आईने खाकरून गळा साफ केला. मी तिच्यासाठी चहा आणला, तो तिने घेतला नाही. चहाने गाताना घसा धरतो, म्हणाली.

मग स्पीकर सुरू झाला. आधी ढोल, मशीनमधला. आणि त्याच्यावर आईचा आवाज. मोठा, फाटलेला, सगळ्या गल्लीत भरून राहिलेला. हळद लावायचा धवला. आईला आत न घेता तिला लग्नात वापरायची सोय मामेभावाने केली होती. मांडवात बायका तिच्या आवाजामागून म्हणत होत्या, नवरीला हळद लागत होती. आईचे ओठ आपोआप हलायला लागले. मग खोकला आला, तो त्याने काढला नव्हता, आणि मांडवात कुणीतरी हसलं. आईचे ओठ थांबले.

मी उठलो. समोर जाऊन वायरी उपटणार होतो, खोटं कशाला सांगू. आईने माझा हात धरला.

"तुजा तो खरखराट लाव."

"कुठला?"

"ज्यात मानूस न्हाय तो."

मी हेडफोन तिच्या कानांवर बसवला, अबोली जरा बाजूला करून. तोच किंकाळीवाला तुकडा लावला. ती समोर मांडवाकडे बघत ताठ बसली. समोर तिचा धवला चालूच होता, तिला तो ऐकू येत होता की नाही कळेना. मी फोनवरचा आवाज वाढवायला हात पुढे केला, तर तिने तो आधीच शेवटपर्यंत नेला होता.