सहा पाळ्यांचं जेवण

ऑपरेशननंतर मी कल्याणजवळच्या मोहन्याला माहेरी आले, ती आईच्या लेखी बाळंतपणालाच. तिने खिडकीला जाड पडदा लावला, कानाला बांधायला फडकं काढून ठेवलं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा काठोकाठ भरला. अन्ननलिकेचा कॅन्सर हे शब्द तिने एकदा म्हणून पाहिले. जिभेला जमले नाहीत, म्हणून पुन्हा त्यांच्या वाटेला गेली नाही.

"पोट कापलंय न्हवं? मग दोन म्हैने कुठं जायचं न्हाई," ती म्हणाली.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते, ठाण्याच्या कोर्टात कारकून. नवरा आणि दहावीतला मुलगा डोंबिवलीच्या घरी एकमेकांना सांभाळत होते. माझी बहुतेक अन्ननलिका काढून टाकली होती. तिच्या जागी जठराचीच निमुळती नळी करून ती छातीत वर ओढून जोडली होती. पहिले काही आठवडे माझं खाणं तोंडाने नव्हतंच. पोटाच्या डाव्या बाजूला एक रबरी नळी होती, तिच्यातून पातळ आहार थेट आतड्यात सोडायचे. नळीच्या भोवतीची कातडी सोलवटली होती, कूस बदलली की ती ओढली जायची. नळी काढली त्या दिवशी ठाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी माझं वजन केलं. त्रेचाळीस किलो.

"आता खाणं तुमच्या हातात," त्या म्हणाल्या. "वजन चाळीसच्या खाली गेलं, तर नळी परत घालावी लागेल."

मोहन्याला येताना माझ्याजवळ एवढा एकच आकडा होता. चाळीस.

इथे आईबद्दल सांगायला हवं. वडील माण तालुक्यातून इथल्या रेयॉनच्या कारखान्यात कामाला आले. आई त्यांच्याबरोबर आली, पण बायकामुलं गावी ठेवून आलेले कामगार खूप होते. त्यांच्यासाठी आईने आमच्या दोन खोल्यांत खानावळ काढली. कारखान्याच्या भोंग्यावर तिचा दिवस चालायचा. एका पाळीचे जेवून जातात तोच दुसरीचे दारात. "माझ्या पानावरनं अर्धपोटी कुणी उठलं न्हाई," हे ती सगळ्यांना सांगायची, आणि ते खरं होतं. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मी अभ्यास केला. मोहन्यातल्या मराठी शाळेतून कल्याणच्या कॉलेजात गेले आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आईला वाचता येत नाही. पण माझ्या पदवीचं प्रमाणपत्र तिने फ्रेम करून पिठाच्या डब्यांच्या वर लावलं आहे, देवांच्या तसबिरींच्या रांगेत. त्याच हातांनी भरलेलं ताट समोर आल्यावर 'नको' म्हणायला मला तोंड नव्हतं.

पहिल्या सकाळी अळिवाची खीर आली, वर गूळ आणि तूप. मी वाटी संपवली. वीस मिनिटांत छातीत धडधड सुरू झाली, कपाळावरून घाम गळायला लागला, पोटात पीळ पडला. संडासात जाऊन आले तेव्हा पायांत त्राण नव्हतं. आडवं व्हावंसं वाटत होतं, पण आडवं झालं की पित्त थेट घशात येत होतं, कारण ते अडवणारं दार ऑपरेशनमध्ये गेलं होतं. भिंतीला टेकून बसून राहिले. दुपारी शिरा आला. संध्याकाळी लाडू. दर वेळी तेच.

आईने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. "शेजारीण आलेली बघायला. तिचीच लागली."

"अगं, तिने पेरू आणला होता."

"मंग? पेरू देताना बघितलं न्हाई व्हय तुझ्याकडं?"

शेवटी मला एक गोष्ट कळली, आणि ती कळायला नको होती. न खाल्लं तर काही होत नाही. मी ताटातलं कमी करायला लागले. आई पाठमोरी झाली की खीर परत पातेल्यात ओतायची. लहानपणापासून पानात टाकायचं नाही हे अंगात इतकं भिनलेलं, की चोरी केल्यासारखं वाटायचं. चौकातल्या केमिस्टकडच्या काट्यावर एका आठवड्यात साडेएकेचाळीस भरले. पुढच्या आठवड्यात ठाण्याला दाखवायला गेलो तेव्हा चाळीस किलो चारशे ग्रॅम.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?"

उत्तर आईने दिलं. अळीव, शिरा, लाडू, मसाला दूध, वर शेवयांची खीर. एकेक पदार्थ ती अभिमानाने मोजत होती. बाईंनी लिहिणं थांबवलं.

"आणि मग घाम, धडधड, जुलाब? डंपिंग होतंय तुम्हाला."

आई ताठ झाली. बाईंनी मला समजावून सांगितलं, आहाराचा कागद दिला आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. तोवर वजन चाळीसच्या वर राहिलं तर ठीक, नाहीतर लगेच नळी. आईने 'डंपिंग'च्या पुढचं काही ऐकलं नव्हतं. रिक्षात बसल्या बसल्या तिचा बांध फुटला.

"एवढी शिकलेली बाई, आन् बोलली काय? आख्ख्या कारखान्यानं खाल्लंय माझ्या हातचं! आन् ही म्हणती डंपिंग! आधारवाडीला कचऱ्याच्या गाड्या वततात, त्ये डंपिंग! माझी खीर कचरा व्हय?"

मला हसू आलं. ऑपरेशननंतरचं पहिलं हसू, आणि बरगड्यांखालची जखम अशी ओढली गेली की डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं मी तिची थट्टा करतेय. 

दुसऱ्या दिवशी तिने मऊ भाताचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि पाठ करून बसली. ताट भरलेलंच होतं. त्या ताटाकडे बघताना मला वाटलं, मी पदवी घेतली, कोर्टात अशिलांना कागद समजावून सांगते, आणि जिच्यामुळे शिकले तिला माझं स्वतःचं पोट समजावू शकत नाही? मग उपयोग काय त्या शिक्षणाचा? मी मुलाची इथे पडून असलेली जुनी वही घेतली आणि चित्र काढलं.

"आई, बघ. ही पोटाची पिशवी. हिला खाली तोंड असतं. पिशवी अन्न धरून ठेवते आणि थोडं थोडं खाली सोडते. माझी पिशवी आता नाही. हा नुसता पाइप आहे. मी वाटीभर खीर खाल्ली की ती सगळी एकदम खाली आतड्यात पडते. गोड असलं की आतडं पाणी सोडतं, म्हणून पीळ पडतो, घाम येतो. डंपिंग म्हणजे गाडी एकदम ओतणं. गाडीत कचरा आहे की खीर, त्याच्याशी काही संबंध नाही."

आईने वही हातात घेतली. उलटी धरली होती, मी सुलटी करून दिली. त्या पाइपवरून तिने वरून खाली बोट फिरवलं.

"म्हंजी भोंग्यासारखं," ती म्हणाली.

"कसल्या भोंग्यासारखं?"

"आगं, पाळी सुटली की वीस-पंचवीस माणूस दारात. आत जागा किती? चौघांची. सुरवातीला समदी एकदम घुसायची. ह्याचं ताट त्याला, आमटी जमिनीवर, आन् निम्मी न जेवताच परत. मग मी दार लावून घेतलं. चौघं आत, बाकीची बाहेर. वरडंनात का!" तिने वही खाली ठेवली. "तुझ्यात चौघांची जागा हाय, आन् मी पंचवीस सोडत व्हते."

त्यानंतर तिला काही समजवावं लागलं नाही. उलट तीच मला सांगायला लागली. वाढायचा मोठा डाव तिने खिळ्याला अडकवला आणि लोणच्याची वाटी काढली. कारखान्यात तीन पाळ्या असायच्या, माझ्या पोटाला तिने सहा लावल्या. सकाळी सात, साडेनऊ, बारा, अडीच, पाच आणि शेवटची साडेसातला. ती झाल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. कागदावरचं सगळं मी वाचून दाखवलं आणि तिने ते आपल्या भाषेत करून घेतलं. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट घोट. गूळ-साखर बंद. मऊ भात-वरणात अंडं कुस्करून, मुगाचं धिरडं, दह्यात कालवलेलं शेंगदाण्याचं कूट. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली तिने दोन-दोन विटा सरकवल्या. डिंकाचे लाडू शेजारणीकडे गेले, जिची दृष्ट लागली होती तिच्याकडेच.

मला भूक लागत नव्हती. भूक नावाची गोष्टच ऑपरेशनमध्ये कुठेतरी राहिली होती. त्यामुळे खाणं हे काम म्हणूनच करायचं, असं मी ठरवलं. कोर्टात फायली लावताना कंटाळा आला म्हणून कुणी सोडून देत नाही, तसं. एक घास, तीस वेळा चावायचा, मग गिळायचा, मग थांबायचं. कधी घास अर्ध्यावर अडकायचा आणि डोळे पांढरे व्हायचे. तेव्हा उठून उभी राहायची, दोन पावलं चालायची, तो खाली उतरेपर्यंत वाट बघायची आणि पुन्हा बसायची. लोणच्याची वाटी संपवायला अर्धा तास लागे. आई समोर बसून गहू निवडायची. माझ्याकडे बघते आहे असं दाखवायची नाही.

दुसऱ्या रविवारी नवरा आणि मुलगा आले. आईने त्यांच्यासाठी पुरणपोळी केली. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्याशिवाय मजा नाही येत गं जेवायला." मी त्याच्या ताटातली चतकोर पोळी घेतली, मग आणखी चतकोर. अर्ध्या तासात भिंतीला टेकून घाम पुसत बसले होते. मुलगा घाबरून गेला. आईने त्याला पाणी आणायला पाठवलं आणि माझ्याजवळ बसली.

"मागच्या दारानं कोण शिरलं?"

"पुरणपोळी," मी म्हणाले.

"किती जणं?"

"दोन चतकोर."

"बरं. आता त्यांना उतरू दे. पाचची पाळी साडेपाचला करू." रागावली नाही. पण चुकवूही दिली नाही.

ठाण्याला जायच्या दिवशी निघताना तिने तांब्या पुढे केला. "काट्यावर चढायच्या आधी एवढं पाणी पी. अर्धा किलो तिथंच भरंल."

मोह झाला. नळीभोवतीची ती सोलवटलेली कातडी आठवली की आजही मी कूस बदलताना सावध होते. पण मी तांब्या परत दिला. "काटा फसेल, आई. आतडं कुठे फसणार आहे? खरं काय ते मला कळू दे."

काट्यावर उभी राहिले तेव्हा मी समोरच्या भिंतीकडे बघत होते. आईला आकडे मात्र वाचता येतात. खानावळीच्या हिशेबाच्या पाट्यांनी तिला तेवढं शिकवलं होतं.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "आन् वर एक."

डॉक्टरबाईंनी माझ्या कागदावर नळीबद्दल लिहिलेल्या ओळीवर काट मारली. "फार वाढलं नाही, पण घसरण थांबली. हे असंच पुढेही चालवायचं आहे, कायमचं म्हणा."

"आन् त्ये तुमचं डंपिंग?" आईने विचारलं.

"अधूनमधून होत राहील, आजी."

"होऊ दे. दार माझ्याकडं हाय."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी कोर्टात परत रुजू झाले, टेबलाच्या खणात माझे लहान डबे असतात, साहेबांना आणि वकिलांना माझ्या वेळा पाठ झाल्या आहेत. कधी घाम फुटतो, कधी घास अडकतो. वजन पंचेचाळीसच्या पुढे कधी गेलं नाही. चाळीसच्या खालीही गेलं नाही.

नळीच्या ओळीवर काट पडली त्या दिवशी दवाखान्यातून निघून आम्ही खोपटच्या एसटी डेपोत आलो. कल्याणची गाडी लागलेली होती, सुटायला वेळ होता. अडीच वाजत आले होते. आईने पिशवीतून डबा काढला आणि वाटीत दोन चमचे दहीभात घातला. मी सावकाश खाल्ला. एकही घास अडकला नाही. आणि वाटी रिकामी झाल्यावर मला चमत्कारिक वाटलं, कारण आणखी खावंसं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"आई, अजून एक चमचा घाल ना."

आईने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा हात झाकणावर थांबला. जिने आयुष्यात कुणाला 'पुरे' म्हटलं नव्हतं, तिने झाकण दाबून बसवलं आणि डबा पिशवीत ठेवला.

"पाचच्या पाळीला ये," ती म्हणाली.